कालचा तास

लीया टीचरांच्या डाव्या हाताची करंगळी सरळ होत नसे. फळा पुसताना चार बोटं डस्टरवर असत आणि ती एक बाजूला, वाकडी, वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलीसारखी. नव्या विद्यार्थिनीची नजर तिकडे गेली की टीचर स्वतःच सांगून टाकत. त्यांचे वडील पेणच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. घरीही तेच शिकवायचे. लहानपणी एकदा लीयाने 'टीच'चा भूतकाळ 'टीच्ड' सांगितला आणि वडिलांनी सागवानी पट्टी आडवी न मारता कडेने मारली. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं.

"पण 'टॉट' त्यानंतर आयुष्यात चुकला नाही," असं म्हणून टीचर हसायच्या. बायकाही हसायच्या.

वडील गेले आणि भावांनी इस्राएलला जायची तयारी केली. सामानाची वाटणी झाली. शुक्रवारी संध्याकाळी लावायचा काचेचा दिवा थोरल्याने नेला, प्रार्थनेची पुस्तकं धाकट्याने. लीयाने फक्त पट्टी मागितली. ती घेऊन त्या पनवेलला सासरी आल्या, तिच्यासकट तीस वर्षं शाळेत शिकवलं, नवरा हायम वारल्यावर जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यातलं घर सोडून नवीन पनवेलला सिडकोच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आल्या, आणि पट्टी बाहेरच्या खोलीत फळ्याशेजारच्या खिळ्याला लागली. मुलगी ताली लग्न होऊन इस्राएलमधल्या अश्दोदला गेली होती. "मम्मी, तिथे एकटी काय करतेस?" असं ती फोनवर विचारायची. टीचर म्हणायच्या, "बायकांना इंग्रजी शिकवते. तुझ्या तिथे कोण शिकणार माझ्याकडून?"

चौऱ्याण्णव साली त्यांच्या दुपारच्या वर्गाला दहा-बारा बायका येत. बहुतेक नोकरदारांच्या बायका, मुंबईहून किंवा पुण्याहून नवीन पनवेलला राहायला आलेल्या. मुलं इंग्रजी शाळेत घातलेली आणि अभ्यास घेता येत नाही, म्हणून आलेल्या. एक हौसा मात्र शेजारच्या करंजाडे गावची होती, मासे विकणारी. सकाळचा बाजार आटपून ती पाटी दाराबाहेर ठेवायची, नळावर कोपरापर्यंत हात धुवायची आणि पुढच्याच सतरंजीवर येऊन बसायची.

"पोरीच्या डायरीत शाळंतली बाई लाल शाईनं लिवते," पहिल्या दिवशी तिने सांगितलं होतं. "पोरगी सांगते, आई, तुजं कौतुक लिवलंय. मला वाटतं, कायतरी भलतंच लिवलेलं हाय."

आत येताना चौकटीवर तिरकी बसवलेली पितळी नळी होती, यहुद्यांच्या दारावर असते तशी, आत प्रार्थनेची गुंडाळी घातलेली. बायका तिला हात लावून कपाळाला लावायच्या. असं करत नाहीत, नुसतं बोटांनी स्पर्शून बोटांचं चुंबन घेतात, हे टीचरांनी सुरुवातीला समजावून पाहिलं, मग सोडून दिलं.

वर्गाची रीत ठरलेली होती. पहिला तास कालचा. प्रत्येकीने उभं राहून काल काय काय केलं ते इंग्रजीतून सांगायचं. अट एकच, सांगितलेलं खरं असलं पाहिजे. पुस्तकातली वाक्यं टीचरांना चालत नसत. "घडलेलं सांगा. घडलेलं सांगताना माणूस चुकतं, आणि चुकलं की शिकतं." क्रियापद चुकलं की डावा हात पुढे. पट्टी बसायची. मग टीचर दुरुस्त केलेलं वाक्य म्हणायच्या, "ऑल टुगेदर!" असं ओरडायच्या, आणि सगळ्या बायका एका सुरात ते वाक्य म्हणायच्या. एकीचा काल असा सगळ्यांच्या तोंडून जायचा. आशालताने दळण आणलं, ब्रॉट. सगळ्यांनी दळण आणलं. हौसाने सुरमई विकली, सोल्ड. सगळ्यांनी सुरमई विकली.

मारताना टीचर हाताकडे कधीच पाहत नसत. त्या पाहायच्या तोंडाकडे. चूक ओठांवर आधी दिसते, असं त्यांचं म्हणणं. नजर ओठांवर, आणि पट्टी आपली वाट आपण शोधायची. इतक्या वर्षांच्या सवयीने ती कधी चुकत नसे.

"माझ्या सासूनेही एवढं मारलं नाही हो," आशालता तळहात चोळत म्हणायची.

"म्हणूनच तुला सासूचं काही लक्षात राहिलं नाही."

शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत टीचरांचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. त्या दिवशी चूलही पेटत नसे. रविवारी वर्ग भरला की कालचा तास त्या स्वतःपासून सुरू करायच्या. "येस्टर्डे आय रेस्टेड." काल मी विसावा घेतला.

"टीचर, तुमचा काल बरा हाय," हौसा म्हणायची. "आमचा कवा यायचा असला काल?"

रमाला तिचा नवरा विनायक स्वतः घेऊन आला. उरणच्या बंदरात मालाच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्या कंपनीत तो होता. इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट, बोलणं मऊ. चपला दाराबाहेर काढून आत आला. रमा त्याच्या मागे उभी होती. पोलादपूरकडची, सव्वीस-सत्तावीसची, बारावी मराठीतून झालेली.

"मॅडम, गावाकडची आहे, जरा पॉलिश करून द्या," विनायक म्हणाला. "आमच्याकडे पार्ट्या असतात. कॅप्टन लोक येतात. ही नुसती हसत उभी राहते."

"माझ्याकडे पट्टी असते," टीचरांनी खिळ्याकडे बोट केलं. "वय बघत नाही मी."

"मारा की! माझी फुल परवानगी आहे. फक्त डाव्या हातावर मारा. उजव्याने तिला स्वयंपाक करायचाय." तो हसला.

टीचरही हसल्या. "मीही डाव्यावरच मारते. उजव्याने लिहायचं असतं."

इतकं चांगलं बोलणारा नवरा बायकांनी क्वचितच पाहिला होता. वर्ग सुटायच्या वेळी तो रोज स्कूटर घेऊन यायचा, कारण त्याची पाळी दुपारीच संपायची. दारात उभा राहून म्हणायचा, "टुडेज सेंटेन्स?" आणि रमाने त्या दिवशी शिकलेलं वाक्य तिथेच, सगळ्यांसमोर म्हणून दाखवायचं. बरोबर आलं की तो टीचरांना मान लववून नमस्कार करायचा. चुकलं तरी काही बोलायचा नाही. नुसता हेल्मेटचा पट्टा बोटाभोवती गुंडाळायचा.

रमा हुशार होती. पहिल्या महिन्यातच तिची बरीचशी क्रियापदं पाठ झाली. मात्र एक गोष्ट टीचरांच्या लक्षात आली आणि त्यांना तिचं कौतुकच वाटलं. चूक झाली की बाकीच्या बायका हात मागे घ्यायच्या, हसायच्या, "टीचर, हळू हं" म्हणायच्या. रमा सांगायच्या आतच हात पुढे करायची. सपाट, बोटं जुळवलेली, कोपर अंगाला टेकलेलं. पट्टी बसली तरी तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे.

"बघा, शिकायची तयारी म्हणतात ती ही," टीचर वर्गाला म्हणाल्या होत्या.

आशालता तेव्हा खाली मान घालून वहीत रेघा मारत होती. ती रमाच्या घराच्या नेमक्या वरच्या मजल्यावर राहायची.

मार्चमधला रविवार होता. उन्हं तापायला लागली होती आणि पंखा वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करत होता. टीचरांचा विसावा सांगून झाला. हौसाने बोंबील विकले. आशालताने केसांना मेंदी लावली. मग रमा उठली. डाव्या हाताभोवती तिने पदराचं टोक गुंडाळलं होतं.

"येस्टर्डे माय हजबंड क्लोज द विंडो," ती म्हणाली.

"क्लोज्ड!"

हात पुढे आला. पट्टी बसली, पदरावरूनच.

"ही क्लोज्ड द विंडो. ऑल टुगेदर!"

त्याने खिडकी बंद केली, असं सगळ्या बायकांनी म्हटलं.

"ही मेक द टीव्ही लाउड."

"मेड. पदर काढ हातावरचा. लहान मूल आहेस का?"

रमाने पदर सोडला. पट्टी बसली.

"ही मेड द टीव्ही लाउड. ऑल टुगेदर!"

त्याने टीव्हीचा आवाज मोठा केला. बायकांचा सूर चढला होता. कुणीतरी हसलंसुद्धा, शनिवारी सगळ्यांच्याच घरी पिक्चरच्या वेळी आवाज मोठा असतो.

"ही टेक द आयर्न."

"टूक! किती वेळा सांगायचं? टेक, टूक!"

पट्टी या वेळी जोरात बसली. टीचरांची नजर रमाच्या ओठांवर होती. ओठ पांढरे पडले होते, पण हलले नाहीत. हौसाने मात्र हात पाहिला होता. तिच्या तोंडून कसलासा आवाज आला. तो "ऑल टुगेदर"मध्ये बुडून गेला.

त्याने इस्त्री घेतली, असं वर्गाने म्हटलं. ही टूक द आयर्न.

मग रमाने एक वाक्य सांगितलं ज्यात एकही चूक नव्हती.

"ही पुट इट ऑन माय हँड."

टीचरांचं तोंड "ऑल"साठी उघडलं होतं. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांनी खाली पाहिलं.

तळहातावर इस्त्रीचं टोक होतं. अगदी होडीच्या निमुळत्या नाळेसारखं, स्पष्ट कडांचं. फोड आला होता आणि पट्टीने फुटला होता. त्यातलं पाणी मनगटावरून कोपराकडे चाललं होतं. पट्टीच्या सागवानावरही ओला डाग होता. रमाने हात अजून खाली घेतला नव्हता. चौथ्या पट्टीची ती वाट पाहत होती.

"टीचर, बरोबर आलं का?" तिने विचारलं.

टीचरांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि आतून पाण्याचं पातेलं आणलं. हात पाण्यात बुडवला तेव्हा रमाने पहिल्यांदा श्वास आत ओढला.

"मला आधी का नाही सांगितलंस?" टीचर म्हणाल्या.

"तुम्ही सांगितलंत, खरं वाक्य पाहिजे. रोज दुसरं काहीतरी खरं असायचं. भाजी आणलेली असायची, कपडे धुतलेले असायचे. काल दुसरं काही घडलंच नाही."

"कशासाठी पण? काय केलं होतंस तू?"

"तुम्ही शुक्रवारी शिकवलेलं वाक्य चुकलं. तो घरीही कालचा तास घेतो."

आशालता एकदम उठून उभी राहिली. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "टीव्ही मोठा झाला की आम्हाला कळतं. मग आम्हीही आमचा मोठा करतो." एवढं बोलून ती तशीच उभी राहिली, बसायचं विसरल्यासारखी.

"आनि इथं येऊन गाते, ऑल टुगेदर," हौसा म्हणाली. "वा गं बाई!"

"तू गायली नाहीस?" आशालताने विचारलं.

"गायली. मी बी गायली." हौसाने पदराने तोंड पुसलं. "आता ही घरी जात नाय. बास."

"जायला पाहिजे," रमा म्हणाली. "तो येईलच इतक्यात. नाही गेले तर..." तिने वाक्य पूर्ण केलं नाही.

बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला.

विनायकने नेहमीसारख्या चपला काढल्या. चौकटीवरच्या नळीला बोट लावलं, तेही नेहमीसारखं. पातेल्यातला हात त्याला दिसला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही.

"नमस्कार मॅडम. काल इस्त्रीवर पडली. धांदरट आहे." मग रमाकडे पाहून, "टुडेज सेंटेन्स?"

रमाने पातेल्यातल्या हाताकडे पाहिलं.

"मॅडम, आज काही शिकवलं नाहीत वाटतं. बरं, ताई, तुम्ही सांगा. आजचं वाक्य काय होतं?"

त्याने सहज म्हणून वर्गाकडे पाहिलं. पुढच्या सतरंजीवरून हौसा उठली. तिचे उच्चार कधीच धड नव्हते, पण शब्द सगळे कळले.

"ही क्लोज द विंडो," ती म्हणाली.

"क्लोज्ड," आशालता म्हणाली. "ही क्लोज्ड द विंडो. ही मेड द टीव्ही लाउड."

मागून आणखी दोघींचा आवाज आला. ही टूक द आयर्न. मग सगळ्यांचा, कुणी "ऑल टुगेदर" म्हटलेलं नसताना. ही पुट इट ऑन माय हँड. रमाचा हात आता सगळ्यांचा हात झाला होता.

विनायकने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "ग्रामर बरोबर आहे," तो म्हणाला. आणि दोन पावलांत येऊन त्याने रमाची वेणी मुठीत धरली. पातेलं उलटलं. तिला त्याने जमिनीवरून दाराकडे ओढत नेलं. तिचे पाय सतरंजीत अडकले तशी सतरंजीही तिच्याबरोबर ओढली गेली. हौसा मध्ये पडली. त्याने हेल्मेट फिरवलं. ते हौसाच्या भुवईवर बसलं आणि ती फळ्यावर जाऊन आदळली. रक्त डोळ्यात उतरलं.

टीचर दारात आडव्या उभ्या राहिल्या. पट्टी त्यांच्या हातात कधी आली ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी ती मारली, कडेने, वडील मारायचे तशी. विनायकच्या मनगटावर. तो ओरडला, वेणी सुटली. पण दुसऱ्या हाताने त्याने पट्टी हिसकावून घेतली आणि टीचरांच्या दंडावर, खांद्यावर, पुन्हा दंडावर मारली. टीचर चौकटीला धरून खाली बसल्या.

मग तो रमाकडे वळला.

"हात," तो म्हणाला.

आणि रमाने हात पुढे केला.

सपाट. बोटं जुळवलेली. कोपर अंगाला टेकलेलं. टीचर जमिनीवरून पाहत होत्या. त्या पहिल्यांदाच हाताकडे पाहत होत्या, आणि पट्टीकडे. पट्टी त्याच्या मुठीत अगदी नीट बसली होती. अंगठा वर, मनगट सैल. त्यांच्यासारखीच धरली होती त्याने. ही पकड त्याला कुणी शिकवली नव्हती. त्यांनाही कुणी शिकवली नव्हती.

"हात मागे घे, रमा!" त्या किंचाळल्या. "मागे घे! मागे घे हात!"

रमाने टीचरांकडे पाहिलं. या वर्गात असं काही तिने कधी ऐकलं नव्हतं. हात जागेवरच राहिला, पण बोटं मिटली. पट्टी त्या मुठीवर आली. रमाच्या तोंडून पहिल्यांदा आवाज फुटला, जनावरासारखा, कुठल्याच भाषेतला नाही.

त्या आवाजाने वर्ग उठला. आशालताने खिडक्यांची दारं भडाभड उघडली आणि बाहेर तोंड काढून बिल्डिंगला ओरडू लागली, "या रे कुणीतरी! मारतोय बघा! विनायक भाऊजी मारतायत!" मारणाऱ्यालाही ती भाऊजीच म्हणत होती. हौसाने एका डोळ्याने टीचरांचं स्टूल शोधलं आणि दोन्ही हातांनी उचलून विनायकच्या पाठीत घातलं. तो गुडघ्यावर आला. मग बायका त्याच्यावर पडल्या. ज्यांनी कधी चढ्या आवाजात रिक्षाही थांबवली नव्हती, त्या चपलेने, हेल्मेटने, नुसत्या नखांनी मारत होत्या. कुणी रडत होत्या आणि मारत होत्या. आपण नक्की कुणाला मारतोय हे त्यांतल्या काहींना ठाऊक नसावं. विनायकचा ओठ फाटला, एक दात सतरंजीवर पडला. पट्टी कुणाच्या तरी पायाखाली उभी चिरली.

वरचे पुरुष धावत आले तेव्हा हौसा त्याच्या पाठीवर बसली होती.

"आता सांग, टुडे काय शिकलास?" ती विचारत होती. "सांग ना रे."

पोलिस चौकीत हवालदारांनी सगळ्यांना बाकावर बसवलं. विनायकला टाके घालायला नेलं होतं, बरोबर शिपाई होता. हौसाच्या भुवईवर पट्टी बांधलेली. टीचरांचा दंड सुजून ब्लाउजच्या बाहीत मावत नव्हता. हवालदार वयस्कर होते, घाई नसलेले.

"नवरा-बायकोचं भांडण असेल तर घरी मिटवा," ते म्हणाले. "लिहून घ्यायचं असेल तर ह्यांनी स्वतः सांगायला पाहिजे. बाकीच्यांनी वाक्यं म्हटली म्हणून नाही चालत. बोला बाई. काय झालं?"

रमाने तोंड उघडलं. मिटलं. हातावर मलम आणि जाळीचं कापड होतं. पुन्हा तोंड उघडलं. काहीच आलं नाही. हवालदारांनी पेन खाली ठेवलं.

"बघा. त्यांनाच सांगायचं नाहीये."

"सांग गं," हौसा म्हणाली. "इथवर आलीस ना?"

रमा टीचरांच्या कानाशी झुकली. "मराठीत नाही येत, टीचर. मराठीत सांगायला लागले की आईचा आवाज येतो. गप्प बस म्हणते. इंग्रजीत आई बोलत नाही."

टीचर हवालदारांना म्हणाल्या, "ती इंग्रजीत सांगेल. मी मराठीत सांगते. तुम्ही लिहा."

"मराठी बाई मराठी चौकीत इंग्रजी बोलणार?"

"चालत नाही का?"

हवालदारांनी खांदे उडवले आणि पेन उचललं.

"येस्टर्डे माय हजबंड केम होम," रमा म्हणाली.

"काल माझा नवरा घरी आला," टीचर म्हणाल्या.

तसं सुरू झालं. रमा एक वाक्य सांगायची, टीचर ते मराठीत म्हणायच्या. त्याने खिडकी बंद केली. टीव्हीचा आवाज वाढवला. इस्त्री घेतली. माझ्या हातावर ठेवली. मी ओरडले. तो म्हणाला, ओरडतेस तेही मराठीत ओरडतेस. रमाची क्रियापदं मधूनच चुकत होती. टीचर एकही दुरुस्त करत नव्हत्या. चुकीच्या वाक्याचं बरोबर मराठी करत होत्या, एवढंच. आणि 'मी', 'माझा', 'मला' असंच म्हणत होत्या, कारण वाक्यात तसंच होतं. बोलता बोलता त्यांचा घसा बसत चालला. रमाचा मात्र मोकळा होत होता. आदल्या महिन्यातलं आलं, कमरेच्या पट्ट्याचं. दिवाळीतलं आलं, गरम तेलाचं. आशालता भिंतीकडे तोंड करून बसली होती.

मग रमा आजच्या दुपारपर्यंत आली. ती थांबली. टीचर विद्यार्थिनींच्या ओठांकडे पाहायच्या, तशी ती टीचरांच्या ओठांकडे पाहू लागली.

"टुडे टीचर हिट द सेम हँड," ती म्हणाली. "थ्री टाइम्स."

हौसाने रमाच्या दंडाला हात लावला. तिला तेवढं इंग्रजी कळत होतं. "अगं, त्यांनी मुद्दाम..."

"खरं वाक्य पाहिजे ना," रमा पुटपुटली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

हवालदार वाट पाहत होते. "काय म्हणाल्या?"

टीचरांनी आपला सुजलेला हात मांडीवर सरळ ठेवला. करंगळी तेवढी राहिली, वाकडी.

"आज टीचरने त्याच हातावर मारलं," त्या म्हणाल्या. "तीन वेळा."

"टीचर कोण?"

"मी."

हवालदारांनी मान वर केली. एकदा रमाकडे, एकदा टीचरांकडे पाहिलं. "हे पण लिहायचं?"

"लिहा. झालंय ते."

पेन चाललं. शेवटी हवालदारांनी कागद फिरवून रमासमोर ठेवला. तिने उजव्या हाताने सही केली, मराठीत, सावकाश.

"आता ह्या राहणार कुठे?" हवालदार म्हणाले. "त्या घरी पाठवता येणार नाही आज. माहेर लांब दिसतंय. पत्ता काय टाकू?"

हौसा म्हणाली, "माझा टाका. करंजाडे." आशालता म्हणाली, "आमच्याकडे..." आणि वरचा मजला आठवून थांबली. आपल्याला बोलायचा हक्क उरला आहे असं टीचरांना वाटत नव्हतं.

रमा त्यांच्याकडे वळली. चौकीत आल्यापासून पहिल्यांदाच ती मोठ्याने मराठीत बोलली.

"तुमच्या घरात दुसरी पट्टी आहे?"

"नाही."

"आणणार?"

"नाही."



"मग टीचरांचा लिहा," ती हवालदारांना म्हणाली.